रेडिओवर कुणीतरी आपला प्रश्न विचारतं

रविवारची दुपार आठवून पाहा. जेवणं झाली आहेत, पंखा फिरतोय, घरात सगळे आहेत आणि कुणीच बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात फोन, निम्म्यांच्या कानात इयरफोन. तुमच्याकडे असं होत नसेल तर तुम्ही नशीबवान. आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं. फरक एवढाच की चार माणसांत फोन तीन होते. चौथी आमची आजी.

आजोबा गेल्यावर बाबा तिला माण तालुक्यातल्या गावाहून हैदराबादला घेऊन आले. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, शेजारीपाजारी सगळे तेलुगू बोलणारे. गावात दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ''कुठं निघालीस गं?'' विचारणारी बाई इथे गॅलरीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजायची. आम्ही तिची काळजी घ्यायचो, गोळ्या वेळेवर द्यायचो. गप्पा मात्र कुणी मारत नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याशी काय बोलावं हेच मला सुचत नसे. माझं काम दिवसभर दुसऱ्यांसाठी मजकूर लिहिण्याचं. संध्याकाळपर्यंत शब्दांचा कंटाळा आलेला असतो.

शेवटी मी एक पळवाट काढली. माझ्या जुन्या फोनमध्ये आकाशवाणीचं न्यूजऑनएअर हे ॲप टाकलं, मराठी केंद्र लावलं आणि फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला. म्हटलं, निदान मराठी आवाज तरी तिच्या कानावर पडेल. मी एवढंच करणार होते.

''मला बी तसंच होतंय''

एका दुपारी रेडिओवर डॉक्टरबाईंची मुलाखत चालू होती. आई मेथी निवडत होती, आजी लसूण सोलत होती, मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले होते. निवेदिकेने एका श्रोत्या बाईंचं पत्र वाचून दाखवलं. खोकला आला, शिंक आली, जोरात हसू आलं की लघवी थेंब थेंब होते, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यामुळे लग्नाकार्याला जाणं त्यांनी सोडलं होतं. सुनेला सांगायची लाज वाटत होती.

डॉक्टरबाई अजिबात अडखळल्या नाहीत. सर्दी-पडशाबद्दल बोलावं तितक्या सहज त्या बोलल्या. बाळंतपणांमुळे आणि वयामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, हे पुष्कळ बायकांना होतं, त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. पाणी कमी पिणं हा मात्र उपाय नव्हे, असंही त्यांनी बजावलं.

लसणावरची नजर न हलवता आजी म्हणाली, ''मला बी तसंच होतंय.''

आईचा हात थांबला. ''आई, कधीपासून?''

''तुजं लगीन व्हायच्या आदीपासनं.''

आईच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. म्हणजे बघा. आजी देवळात यायला का नको म्हणायची, लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की तिचे गुडघे का दुखायला लागायचे, दुपारनंतर पाण्याचा तांब्या ती का दूर ठेवायची, हे आम्हाला त्या एका वाक्यात कळलं. आम्ही समजत होतो, आजोबांच्या जाण्याने ती अबोल झाली आहे. ते होतंच. पण खाली बागेत जाऊन चार बायकांत बसायचं तर उठताना साडी ओली झाली तर काय, ही भीतीही होती. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

''आई, मला सांगायचं होतंत ना,'' आई म्हणाली.

''काय सांगू? आन् विचारायचं तरी कसं?''

हा प्रश्न मला अजून पुरतो आहे. विचारायचं कसं? आजीने तो प्रश्न विचारलाच नसता. डॉक्टरांच्या केबिनमध्ये बाबा शेजारी बसलेले असताना तर नाहीच नाही. तो तिच्यासाठी कुठल्यातरी गावच्या, नाव न सांगितलेल्या बाईने विचारला. रेडिओला चेहरा नसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा चेहराही कुणी बघत नाही. लसूण सोलता सोलता ऐकता येतं, आणि वाटलं तर बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात आई तिला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोघीच गेल्या. तुम्हाला किंवा घरात कुणाला हा त्रास असेल, तर तुम्हीही हेच करा. कार्यक्रम ऐकून स्वतःच उपचार ठरवू नका.

चावडीवरचा रेडिओ

त्यानंतर आजीला रेडिओची आणि आम्हाला आजीची गोडी लागली. एकदा ती सांगत होती, तिच्या लहानपणी गावात एकच रेडिओ होता, पंचायतीचा, चावडीवर. संध्याकाळी गडीमाणसं त्याच्यापुढे बसायची आणि कार्यक्रम संपला तरी उठायची नाहीत. ''त्यो बंद झाल्यावरच खरं बोलणं सुरू व्हायचं,'' ती म्हणाली. बायका आणि पोरं लांबून ऐकायची.

मला ही गंमत वाटली म्हणून मी त्या काळाबद्दल वाचायला घेतलं, आणि चकितच झाले. १९५६ साली महाराष्ट्राच्या खेड्यांत रेडिओचा एक असा प्रयोग झाला, ज्याची दखल जगाने घेतली. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं एक मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, जनावरं, आरोग्य, ग्रामपंचायत असे रोजच्या जगण्यातले विषय. मंडळी एकत्र बसून ऐकायची, मग रेडिओ बंद करून चर्चा करायची. एक जण त्याचं टिपण ठेवायचा. त्यातले प्रश्न केंद्राकडे जायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची.

म्हणजे कॉमेंट बॉक्सच म्हणा ना! फक्त तिथे शिवीगाळ नव्हती आणि उत्तर देणारा खरोखर उत्तर द्यायचा.

कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी असा रेडिओ मंच चालायचा आणि त्याचं ब्रीदच होतं वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आपल्याकडच्या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्यांनी मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं अशी तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती खूपच वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो नंतरच्या बोलण्याने. काही गावांनी तर ठराव करून विहिरी खोदल्या, बालवाड्या काढल्या. पुढे हा प्रयोग देशभर नेण्यात आला.

त्या काळात पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत कोण काम करत होतं माहीत आहे? 'बनगरवाडी'चे लेखक व्यंकटेश माडगूळकर. त्यांनी तिथे अनेक वर्षं नोकरी केली. माणदेशातल्या माणसाला गावची बोली कुणी शिकवावी लागत नाही. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ''आपल्याकडचाच की त्यो!'' जणू चुलतभाऊच.

एका रस्त्याची दोन टोकं

दिवाळीत आम्ही गाडीने गावी जातो. हैदराबाद, जहीराबाद, सोलापूर, पंढरपूर, म्हसवड असा रस्ता. या रस्त्याच्या दोन टोकांना दोन छोटी रेडिओ केंद्रं सुरू झाली, दोन्ही २००८ साली आणि दोन्ही ९०.४ याच आकड्यावर. मला हे कळलं तेव्हा मी घरभर सांगत सुटले होते. बाकी कुणाला त्याचं एवढं कौतुक वाटलं नाही, ते सोडा.

पहिलं जहीराबादजवळच्या माचनूर गावातलं 'संगम रेडिओ'. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने ते ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू केलं. ते चालवायला शहरातून कुणी सफाईदार बोलणारी माणसं आणली नाहीत. छोट्या शेतकरी, दलित कुटुंबांतल्या बायकाच रेकॉर्डिंग करायला, निवेदन करायला शिकल्या. त्यातल्या दोघींची नावं बरीच गाजली आणि दोघीही नरसम्मा! एक जनरल नरसम्मा, दुसरी अल्गोल नरसम्मा. विषय म्हणाल तर ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांचं बियाणं कसं जपायचं, मुलांचं दुखणंखुपणं, सणावारांच्या रीती, जुनी गाणी. शेजारच्या गावची बाई मायक्रोफोनसमोर बसते आणि आपल्याच बोलीत सांगते, म्हणून ऐकणारीला वाटतं, मीही सांगू शकते.

दुसऱ्या टोकाला म्हसवडची 'माणदेशी तरंग' वाहिनी. चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने ती सुरू केली. तिथेही गावातल्या बायका, शेतकरी, शाळेतली मुलं बोलतात.

अशी केंद्रं निघू शकली त्याला एक निकाल कारणीभूत आहे. हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळू लागला. या केंद्रांची ताकद फार नसते. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की आवाज विरतो. पण आपला प्रश्न तेवढ्याच अंतरावरचा असेल तर तेवढं पुरे असतं.

आईचा माणूस आणि माझे तीन प्राध्यापक

रेडिओ खिडकीत आला आणि आईच्याही आठवणी निघायला लागल्या. ती शाळेत असताना, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आकाशवाणीवर माणसाच्या उत्क्रांतीवर एक लांबलचक मालिका लागायची. हिंदीत तिचं नाव 'मानव का विकास'. तब्बल १४४ भाग आणि एकूण १८ भाषांत प्रसारण! देशभरातल्या मुलांनी आणि शाळांनी श्रोते म्हणून नावं नोंदवली होती आणि त्यांना सोबत माहितीचं साहित्यही मिळायचं. आईने नाव नोंदवलं नव्हतं, पण ती ऐकायची. ''माकडाचा माणूस झाला तर उरलेली माकडं माकडंच का राहिली?'' हा प्रश्न तिला तेव्हापासून पडलेला. वर्गात विचारला तर सगळे हसले, म्हणून तिने पुन्हा कधी काढला नाही.

तीस-पस्तीस वर्षांनी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. आजच्या माकडांपासून माणूस झालाच नाही, फार फार पूर्वी दोघांचा पूर्वज एक होता आणि त्यातून वेगवेगळ्या फांद्या फुटल्या, हे बाबांनी सांगितलं. ''म्हंजे भाऊबंदकी,'' आजी म्हणाली. मी कॉलेजात यापेक्षा बरी व्याख्या ऐकलेली नाही.

माझी स्वतःची रेडिओची गोष्ट वेगळी आहे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. दुसऱ्या वर्षाला कविता डोक्यावरून जायला लागल्या तेव्हा एका मैत्रिणीने बीबीसी रेडिओचा 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम ऐकायला सांगितला. मेल्व्हिन ब्रॅग यांनी तो १९९८ मध्ये सुरू केला. रचना अगदी साधी. एक विषय, तीन अभ्यासक आणि प्रश्न विचारणारे ब्रॅग. पाऊण तास नुसतं बोलणं. एका आठवड्यात कृष्णविवर, दुसऱ्यात एखादी कादंबरी, तिसऱ्यात एखादी लढाई. आपल्या शून्यावर, उपनिषदांवर, सम्राट अशोकावरही भाग झाले आहेत. २०२५ मध्ये ब्रॅग यांनी कार्यक्रम सोडला तोवर हजाराहून जास्त भाग झाले होते.

मला त्यात काय आवडायचं सांगू? प्राध्यापक अवघड बोलायला लागले की ब्रॅग मध्येच थांबवून नेमकं काय म्हणायचंय ते विचारायचे. वर्गात मी हात वर करून जे विचारायला घाबरायचे, तेच. माझी इंग्रजी माध्यमातल्या मुलांसमोर बोलती बंद व्हायची. त्या वर्षांत माझ्या वतीने हा माणूस प्रश्न विचारत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

पण एक कबूल करते. ते सगळं मी इयरफोन लावून एकटीने ऐकलं. त्यातलं एकही वाक्य घरात कुणाला सांगितलं नाही. परीक्षेला उपयोग झाला, घराला नाही.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

आधी इयरफोन काढा. पॉडकास्ट असो की रेडिओ, फोन स्पीकरवर लावा आणि जिथे सगळ्यांचे हात कामात असतात तिथे ठेवा. स्वयंपाकघर उत्तम. कपड्यांच्या घड्या घालताना, भाजी निवडताना, गाडीतून जाताना माणसं जास्त बोलतात, कारण तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ''चला, आता सगळे मिळून ऐकू या'' असं जाहीर मात्र करू नका. तरुण मुलं लगेच उठून जातात. मीच गेले असते.

गाणी सोडून बोलण्याचं काय ऐकायचं, असं वाटत असेल तर विविध भारतीवर दुपारी 'सखी सहेली' लावून बघा. शुक्रवारी त्यात श्रोत्या मैत्रिणींचे फोन घेतात. कुठल्या कुठल्या गावच्या बायका आणि मुली आपली शाळा, शिलाईकाम, स्वप्नं सांगतात. हिंदी साधं असतं, आजीलाही कळतं. प्रकृतीबद्दल डॉक्टरांशी गप्पा आकाशवाणीच्या बहुतेक केंद्रांवर असतात. पुस्तकांवरच्या आणि शेतीवरच्याही असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना ॲपचा मोठा फायदा आहे. इंदूर, बडोदा, बंगळुरू, कुठेही बसून गावाकडचं केंद्र लागतं. नुसत्या एफएमवर ऐकायचं असेल तर लक्षात ठेवा, बऱ्याच फोनमध्ये इयरफोनची वायरच अँटेनाचं काम करते. ती जोडा आणि आवाज स्पीकरवर घ्या.

एक सावधगिरी मात्र हवी. गप्पांच्या नावाखाली कुणी औषध, चूर्ण किंवा मशीन विकत असेल आणि शेवटी फोन नंबर तीनदा सांगत असेल, तर ती मुलाखत नव्हे, जाहिरात आहे. आमच्या आजीने हे पहिल्याच दिवशी ओळखलं. ''ह्येचं लय गोड चाललंय, बंद कर,'' म्हणाली.

आणि कार्यक्रमाला पत्र पाठवा, फोन करा, मेसेज करा. फर्माइशी पाठवून पाठवून झुमरी तलैया हे छोटं गाव देशभर माहीत झालं, मग तुमच्या एका प्रश्नाला काय हरकत आहे? नाव सांगायचं नसेल तर तसं लिहा.

आमच्याकडे सध्या हेच चाललंय. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम आजी रोज दोनदा करते. तीन महिन्यांत बराच फरक पडला आहे. पूर्ण थांबलेलं नाही, पण ती आता संध्याकाळी खाली बागेत जाते. तिथे तिला गुलबर्ग्याच्या एक बाई भेटल्या आहेत, त्यांना मोडकीतोडकी मराठी येते आणि आजीला आता चार शब्द कन्नडचे यायला लागले आहेत. गेल्या रविवारी तिने मला पोस्टकार्ड आणायला सांगितलं. ईमेल करते म्हटलं तर नको म्हणाली. पोस्टात गेले, कार्ड आणलं, तिने सांगितलं तसं लिहून घेतलं. मजकूर असा: 'डॉक्टरबाईंना नमस्कार. तुम्ही सांगितलेला व्यायाम मी खाटेवर पडून करते. बागेत बाकावर बसून केला तर चालंल का? माझ्या दोन मैत्रिणींनाही विचारायचं आहे, पण त्या विचारत नाहीत.'

खाली नाव लिहू का, म्हणून मी विचारलं. आजी जरा थांबली आणि म्हणाली, ''लिही की. गावाचं पण लिही.''